जगदेवीचा खांदा आणि सोसायटीचं मशीन

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात बोरखडी गावात लोक पाण्याच्या ड्रमला कुलूप लावत. मन्मथअप्पांच्या घरी ड्रमला कुलूप होतंच, शिवाय सकाळी साडेसात ते आठ घराच्या दारालाही आतून कडी असायची. या अर्ध्या तासात बोरखडी विविध कार्यकारी सोसायटीचे सेक्रेटरी, बावीस वर्षं प्रोसिडिंग बुकात मोत्यासारखं अक्षर काढणारे मन्मथअप्पा, तोंडात केसांचे तीन आकडे धरून बायकोचा अंबाडा घालत असत.

जगदेवीचा उजवा खांदा दिवाळीत धरला होता. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. वर नेला की डोळ्यांत पाणी. पहिले आठ दिवस शेजारच्या छबुबाईनं तिचे केस विंचरले. पण छबुबाई विंचरता विंचरता अख्ख्या गावाच्या भानगडी सांगायची, आणि भानगड जितकी रंगेल तितका केसांना हिसका जास्त. नवव्या दिवशी जगदेवीनं फणी नवऱ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तुमीच घाला. तुमाला निदान गावातलं काई ठावं नसतं."

अप्पांनी हे काम ठरावासारखं मनावर घेतलं. आधी गुंता, मग तेल, मग पेड, मग पीळ. पहिल्या दिवशी जो अंबाडा झाला तो बेताच्या कांद्याएवढा होता आणि डाव्या कानाकडं कलला होता. जगदेवीनं आरसा बघितला आणि डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढला. तिचा पदर नेहमी खांद्यावर असायचा, त्यामुळं दोन दिवसांत गल्लीला वाटलं की सेक्रेटरीच्या घरी कोणी वारलं.

हे गुपित महिनाभर टिकलं. मग एक दिवस सोसायटीचा शिपाई आसाराम धावत आला, "अप्पा, तालुक्याचे सायेब आले!" आणि अप्पांनी घाईत तोंडातल्या आकड्यांसकट दार उघडलं. आसारामनं आकडे पाहिले, मागं पाटावर बसलेली जगदेवी पाहिली, आणि तो आल्या पावली पाराकडं वळला. संध्याकाळी पारावर हरिबानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अप्पा, आमच्या घरचीला कवा पाठवू? नंबर लावावा लागतो का?" त्या दिवशी अप्पा चहा अर्धा टाकून घरी आले.

पण खरी अडचण वेगळीच होती. वैशाखात जगदेवीच्या भावाच्या मुलीचं, वत्सलाचं, अहमदपूरला लग्न होतं. वत्सलाची आई ती रांगत असतानाच गेली. सात वर्षांची होईपर्यंत तिला जगदेवीनंच वाढवलं होतं, याच घरात, याच पाटावर तिच्या वेण्या घातल्या होत्या. आणि जगदेवीनं जाहीर केलं होतं, "माहेरी मी नवऱ्याच्या हातचा अंबाडा घालून जाणार न्हाई. खांदा सुटला तर येईन. न्हाई तर तुमी जावा, अक्षता टाकून या."

"अगं, पोरगी वाट बघंल तुझी."

"बघंल. पण भावजया माझं डोकं बघतील."

जगदेवीचा शब्द म्हणजे सोसायटीचा ठराव नव्हे, की पुढच्या सभेत दुरुस्ती सुचवावी. अप्पांना एवढंच कळलं की वैशाखाच्या आत हा हात वर गेला पाहिजे. नाहीतर वत्सला बोहल्यावर चढेल आणि तिला वाढवणारी बाई इथं बोरखडीत टँकरच्या रांगेत उभी असेल.

सल्ल्यांना तोटा नव्हता. छबुबाई म्हणाली, बिब्ब्याचा डाग द्या. हरिबा म्हणाला, एरंडाचं पान गरम करून बांधा, पण पान तोडताना तोडणाऱ्यानं बोलायचं नाही. गावात हिरवा एरंड उरला होता तो एकच, चेअरमनच्या मळ्यात, आणि चेअरमन भेटल्यावर न बोलता परत येणं कुणालाच जमलेलं नव्हतं. शेवटी अप्पा जगदेवीला घेऊन अंबाजोगाईला गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात इकडंतिकडं फिरवून पाहिला आणि सांगितलं, खांदा आखडलाय, मशीनचे दहा शेक घ्या आणि व्यायाम करा.

दहा शेक म्हणजे दहा खेपा. बोरखडीची एसटी सकाळी जायची आणि संध्याकाळी मनात आलं तर यायची. टँकरला तर वेळच नव्हती. तो ज्या घडीला येईल त्या घडीला जो घरी नाही, त्याचं पाणी गेलं. जगदेवी म्हणाली, "खांदा बरा करून आले अन् घरात घागर कोरडी, मग खांदा पिऊ का?"

तेव्हा मन्मथअप्पांच्या डोक्यात तो प्रकल्प आला.

सोसायटी दर वर्षी सभासद कल्याण म्हणून काहीतरी वाटायची. बहुतेक वेळा स्टीलचे डबे. गावात प्रत्येक घरी असे सात-आठ डबे होते आणि त्या वर्षी त्यांत घालायला कुणाकडं काही नव्हतं. अप्पांनी सभेत उभं राहून सांगितलं की शेतकऱ्याचं शरीर हेच त्याचं मुख्य अवजार आहे, अवजार गंजलं तर सोसायटी काय कामाची, तरी यंदा डब्यांऐवजी सांधेदुखीवरचं आवाजाच्या लहरींचं मशीन घ्यावं. टाळ्या पडल्या. जगदेवीचा उल्लेख भाषणात नव्हता. त्यामुळं टाळ्या वाजत असताना अप्पांना जमिनीकडं बघावं लागलं.

चेअरमन अर्जुनराव मोठे जमीनदार, पंचक्रोशीत वजन, आणि गुडघ्याला बारा वर्षांची कळ. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेजारी घाटनांदूरला असलं मशीन हाय का?"

"न्हाई, सायेब."

"मग मंजूर."

पुढचा महिना कागदांत गेला. तालुक्याच्या कार्यालयानं एक छापील नमुना पाठवला. त्यात वस्तूचं वजन, पोत्यांची संख्या आणि फवारणीचा पल्ला असे रकाने होते. अप्पांनी तिन्हींत 'निरंक' लिहिलं. मग नवीन पत्र आलं. यंत्रातून ध्वनी बाहेर पडत असल्याचे अर्जावरून दिसते, तरी पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी जोडावी. अप्पा ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, "आवाज किती लांब जातो?"

"ऐकूच येत न्हाई."

"मग परवाना कावून पायजे?"

"तेवढंच लिहून द्या, की परवाना लागत न्हाई."

हवालदारानं नमुन्यांची फाईल चाळली. मनानं तो भला माणूस होता. "अप्पा, आवाज करायची परवानगी द्यायचा नमुना हाय. बंद करायचाबी हाय. पण जो आवाज ऐकू येत न्हाई, त्याला परवानगी लागत न्हाई म्हणून दाखला द्यायचा नमुना आजवर आला न्हाई." शेवटी अप्पांनी स्वतःच आपल्या सुंदर अक्षरात एक नमुना तयार केला, हवालदारानं त्याच्यावर शिक्का मारला, आणि पुढं कित्येक वर्षं तो नमुना त्या ठाण्यात जपून ठेवला होता असं म्हणतात.

फाल्गुनात मशीन आलं. तशी साधी पेटीच, एक काटा, दोन बटणं आणि वायरला जोडलेली एक दांडी. दांडीचं टोक रुपयाएवढं, चपटं, गुळगुळीत. सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांचा तो उग्र वास आणि सुतळीचा भुसा यांच्यात एक बाकडं टाकलं, पेटीला हार घातला, नारळ फुटला आणि अर्जुनरावांनी दांडीच्या टोकाला हळद-कुंकू लावलं.

मशीन चालवायला घाटनांदूरच्या किराणा दुकानदाराची मुलगी गंगासागर येणार होती. मुलगी औरंगाबादला हेच शिकून आली होती. सोमवारी आणि गुरुवारी यायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, चष्मा, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे रुमालानं टोकाचं कुंकू पुसलं. सभासदांत कुजबूज झाली. मग ती म्हणाली, "मशीन चालू आहे की नाही, हे आधी बघायचं असतं. थोडं पाणी द्या."

आसारामनं तांब्यातून चार थेंब दिले. तिनं दांडी उलटी धरून टोकावर ते थेंब सोडले आणि बटण फिरवलं. थेंब थरथरले, उकळल्यासारखे झाले आणि नाचायला लागले. गोदामातली शंभर माणसं टाचा उंचावून बघत होती. विहिरी तळाला गेल्या होत्या, नदीत पोरं विटीदांडू खेळत होती, आणि सोसायटीच्या गोदामात चार थेंब पाणी नाचत होतं. तेव्हा हजर असलेली जी थोडी माणसं आज आहेत, ती मशीनचं बाकी सगळं विसरली तरी ते थेंब विसरलेली नाहीत.

गंगासागरनं मग नियम सांगितले. टोकाला आणि कातडीला मध्ये ही जेली लावायचीच, कोरडं चालवायचं नाही. टोक सतत फिरतं ठेवायचं, एका जागी धरलं तर आत हाडापाशी चटका बसतो. डोळ्यावर नाही, गरोदर बाईच्या पोटा-पाठीवर नाही, कातडी बधिर असेल तिथं नाही. एका जागी पाच-सात मिनिटं, वर नाही. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बरं वाटतं ते ऊबदार, पुष्कळदा काहीच वाटत नाही. पण दुखलं, पोळलं, तर तिथल्या तिथं सांगायचं. सहन करून दाखवायचं नाही."

बाकीचे नियम गावानं मान डोलावून ऐकले. शेवटचा मात्र पुरुष मंडळींना जरा अपमानकारक वाटला.

घोटाळा झाला तो वाटपात. बोरखडी सोसायटीत जे येईल ते सगळ्यांना सारखं, ही जुनी रीत होती. खत आलं, सारखं. पेंड आली, सारखी. एकदा वरून कॅलेंडरं कमी आली, तेव्हा सहा-सहा महिने फाडून वाटली होती. त्यामुळं सभेनं एकमतानं ठरवलं की दोनशे बारा सभासद, प्रत्येकाला पाच मिनिटं, शेअरच्या नंबरानं. अप्पांनी ठराव लिहायला घेतला. 'सदर यंत्राचा लाभ फक्त सभासदांस' एवढं लिहून झालं आणि त्यांचा हात थांबला. ते सोसायटीचे नोकर होते. सभासद नव्हते. दोनशे बारांत त्यांचं नाव नव्हतं, जगदेवीचं तर नव्हतंच.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं. जगदेवी म्हणाली, "अक्षर मात्र चांगलं आलं आसंल."

कुणाला सांगावं, तर भाषणातलं ते अवजार आठवायचं आणि लाज वाटायची. बावीस वर्षांत ज्यानं सोसायटीचा एक दाणा घरी नेला नव्हता, त्यानं बायकोसाठी मशीन आणवलं, असं गाव म्हणालं असतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अप्पा गप्प बसले, रोज सकाळी अंबाडा घालत राहिले, आणि वैशाख जवळ येत राहिला.

गंगासागरनं डोकं धरलं. "अहो, एका माणसाला दहा वेळा द्यावं लागतं. सगळ्यांना एकेकदा देऊन काय होणार?" पण ठराव झाला होता. पहिल्याच दिवशी हरिबा आला. साठीचा, पण पोतं अजून एकट्यानं उचलायचा.

"कुठं दुखतंय, बाबा?"

"कुठंच न्हाई."

"मग?"

"माझा वाटा हाय. मी कावून सोडू? ह्या कोपराला द्या, पुढंमागं दुखलं तर."

"दुखत नाही तिथं देत नाही."

हरिबा अपमान गिळून बाहेर आला आणि पारावर बसून म्हणाला, "मी न्हाई घेतला तर माझा वाटा कुणाला तरी गेला पायजे, वाया कशाला?" हा मुद्दा सगळ्यांना पटला. अर्जुनरावांना जास्तच पटला. चारा छावणी त्यांच्या देखरेखीखाली होती, आणि छावणीत सावलीची जागा थोडी होती. आठवडाभरात अकरा जणांचे बैल उन्हातून सावलीत आले आणि अकरा जणांची पाच-पाच मिनिटं अर्जुनरावांच्या गुडघ्याच्या नावावर आली. स्वतःची धरून तासभर झाली.

"एक तास?" गंगासागर म्हणाली. "काका, औषधाची आख्खी बाटली एकदम प्यायला सांगताय तुम्ही मला. पाच मिनिटं देते. बसायचं असेल तर बसा."

चेअरमनला कुणी 'बसायचं असेल तर बसा' असं म्हटलेलं बोरखडीनं पहिल्यांदाच ऐकलं. ते बसले नाहीत. पण जाता जाता त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली. बायनाबाई म्हातारीची बोटं वाकडी झाली होती. बोटांवर टोक नीट टेकत नाही म्हणून गंगासागरनं उकळून गार केलेलं पाणी घमेल्यात घेतलं, म्हातारीचा हात त्यात बुडवला आणि टोक पाण्यातच थोडं लांब धरून फिरवलं. अर्जुनरावांनी एवढाच अर्थ काढला की पाणी असलं की जेली लागत नाही आणि म्याडमही लागत नाही.

बुधवारी दुपारी टँकर आला तो रांगेकडं न जाता गोदामासमोर थांबला. तिथं छावणीतून आणलेला, मधून कापलेला अर्धा ड्रम ठेवला होता. टँकरचा पाइप ड्रममध्ये सोडला गेला. खुर्चीवर अर्जुनराव बसले, धोतर वर खोचलं आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पाण्यात घातला. आसारामच्या हातात दांडी. अप्पांना घड्याळ धरून उभं केलं होतं.

"सायेब, म्याडम उद्या येत्यात. त्या म्हणल्या होत्या की—"

"अप्पा, मशीन सोसायटीचं हाय का तिच्या बापाच्या दुकानातलं? तुमी वेळ सांगा फकस्त." मग आसारामला, "फिरवत काय बसलास बे? दुखतंय ते इथं. इथंच दाबून धर."

बाहेर घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. पहिली पाच मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या. मग छबुबाई पुढं आली. तिच्या तावडीतून गावाची कुठलीच भानगड सुटायची नाही, आणि आज तर समोरच घडत होती.

"आमाला घरटी दोन घागरी, अन् चेअरमनच्या गुडघ्याला ड्रम?"

"छबुबाई, हे औषधाचं पाणी हाय," अर्जुनराव म्हणाले.

"मग आमालाबी औषध पायजे," असं म्हणून तिनं घागर ड्रममध्ये बुडवली, भरली आणि कमरेवर घेऊन चालू लागली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. आता चेअरमनची पंचाईत अशी झाली, की पाय काढून उठावं तर बायकांपुढं पळ काढल्यासारखं, आणि बसावं तर पाणी घटतंय. ते बसून राहिले, सोसायटीच्या भिंतीवरच्या घोषवाक्याकडं नजर लावून. पाणी गुडघ्याखाली उतरलं. आसाराम प्रामाणिक माणूस. त्याला 'इथंच दाबून धर' सांगितलं होतं, तर तो कोरड्या गुडघ्यावर ते टोक इमानानं दाबून होता. पेटीचा काटा तसाच वर.

अप्पांना अर्जुनरावांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. "सायेब, पोळतंय का?"

"न्हाई," अर्जुनराव दातांतून म्हणाले. पुढं चाळीस बायका उभ्या असताना चेअरमन दुसरं काय म्हणणार होते?

त्या वेळी अप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, चेअरमनला न विचारता एक काम केलं. त्यांनी जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. पण तोवर उशीर झाला होता. आसारामनं दांडी उचलली आणि त्याच क्षणी अर्जुनराव जे 'आई गं!' म्हणून ओरडले, ते छावणीतल्या बैलांनीसुद्धा मान वर करून ऐकली.

गुरुवारी गंगासागर आली तेव्हा गुडघ्यावर रुपयाएवढा फोड होता. तिनं तो स्वच्छ करून झाकला, दवाखान्यात जायला बजावलं आणि मग भर गोदामात चेअरमनला असं बोलली की तसं कुणी पोरालाही बोलत नाही. "पोळत होतं तर सांगितलं का नाही? कुणाला दाखवत होतात?" अर्जुनराव मान खाली घालून बसले होते. त्यांच्यावर कुणी इतक्या काळजीनं रागावल्याला पुष्कळ वर्षं झाली असावीत, कारण त्यांनी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं.

मग तिनं दांडी उलटी धरली, टोकावर थेंब सोडला आणि बटण फिरवलं. थेंब तसाच बसून राहिला. कोरडं चालून आतला भाग तडकला होता. दुरुस्तीला पुण्याला पाठवावं लागेल, पावसाळ्यानंतर बघू, असं ठरलं. माणसं एकेक करून निघून गेली.

अप्पा गोदामाच्या पायरीवर बसले होते. लग्नाला एक महिना आणि चार दिवस राहिले होते. गंगासागर पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"म्याडम, एक सांगू का? हे मशीन मी सभासदांसाठी न्हाई आणलं. आमच्या घरच्यांचा खांदा धरलाय. त्यासाठी आणलं. अन् त्यांनाच मिळालं न्हाई."

गंगासागरनं पिशवी खाली ठेवली. "अहो काका! मग मला नुसतं घरी बोलवायचं होतं. मशीन शेक देतं, फार तर दुखणं थोडं हलकं करतं. हात वर नेतं ते कुठलं मशीन? तो रोज हलवून न्यावा लागतो. चला, काकूंना बघू."

तिनं जगदेवीला भिंतीसमोर उभं केलं. बोटं भिंतीवर ठेवायची आणि एकेक बोट पुढं टाकत हात वर चढवायचा. जिथं थांबेल तिथं कोळशानं खूण. दुसरं, दाराच्या वरच्या आडव्या लाकडाला कप्पी टांगायची, दोरीचं एक टोक या हातात, दुसरं त्या हातात, आणि चांगल्या हातानं ओढून दुखऱ्याला हळूहळू वर न्यायचं. कप्पी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. परसातली विहीर पौषातच आटली होती आणि तिच्यावरची लोखंडी कप्पी रिकामी लोंबत होती. अप्पांनी ती काढली, तेल घातलं आणि दारावर टांगली.

"ताण बसला पाहिजे," गंगासागर म्हणाली, "पण कळ आली की सांगायचं, काकू. दात खाऊन ओढायचं नाही. नाहीतर खांदा आणखी धरतो."

इथं खरी गंमत झाली. सव्वीस वर्षांच्या संसारात जगदेवीनं कधी काही दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं. पहिले दोन दिवस दोरीला हातभार लावत अप्पाच विचारायचे, "दुखतंय का?" आणि ती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी कप्पी कुरकुरली आणि ती म्हणाली, "हां. दुखतंय." अप्पांनी दोरी सैल केली. तिला ते सोपं वाटलं असावं, कारण ती पुढं म्हणाली, "अन् बहात्तरच्या दुष्काळात माझा भाऊ ज्वारी मागाया आलता, तवा तुमी त्याला बाहीर वसरीवरच बसवलंत. तेबी लई दुखलं."

अप्पांच्या हातातून दोरी सुटली.

मग रोज सकाळी कप्पी फिरू लागली आणि रोज एकेक गोष्ट वर यायला लागली. सासूनं वत्सलाला परत पाठवा म्हटलं तेव्हा अप्पा गप्प बसले होते ते. तिनं शिवलेला सदरा त्यांनी न घालता आसारामला दिला तो. अप्पांना एवढं सगळं साठलेलं असेल हे माहीतच नव्हतं. आधी ते खुलासे द्यायचे, सोसायटीच्या पद्धतीनं, मुद्दानिहाय. पुढं खुलासे बंद झाले, नुसतं "हां, चुकलं माझं," एवढं राहिलं. गंमत अशी की कोळशाच्या खुणा त्या दिवसांनंतरच भराभर वर चढल्या. गंगासागर म्हणायची तो व्यायामाचा गुण. 'तसं नाही' म्हणून अप्पा पुढं आयुष्यभर वाद घालत राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, अहमदपूरला निघायच्या सकाळी, अप्पा सवयीनं दाराला कडी लावून, आकडे तोंडात धरून आले. जगदेवी आरशापुढं बसली होती. तिनं दोन्ही हात उचलले. उजवा जरा मागं रेंगाळला, थरथरला, मग डोक्यामागं गेला. तिनं पेड घेतले, पीळ दिला, आणि अंबाडा घातला, गोल, बरोबर मधोमध, जसा सव्वीस वर्षं घालत होती तसा. मग मागं न बघताच हात पुढं केला. अप्पांनी तोंडातले आकडे काढून, धोतराला पुसून, एकेक करून तिच्या हातावर ठेवले. ते फार खूष होते, आणि आपल्याला रडू का येतंय हे त्यांना कळत नव्हतं.

अहमदपूरला मांडवात भावजयांनी जगदेवीला गराडा घातला. धाकटीनं पदर सरकवून पाहिलंच. "वन्सं, खांदा धरला म्हणं तुमचा? मग एवढा देखणा अंबाडा कुणी घातला?"

अप्पा तीन हातांवर पाहुण्यांत बसले होते. आता ती अभिमानानं हात वर करून दाखवील, म्हणून त्यांनी कान टवकारले.

जगदेवी म्हणाली, "आमच्या ह्यांनी."

"कुणी?"

"ह्यांनी. दिवाळीपासून रोज हेच घालतात." आणि हे ती असं बोलली, की सगळ्या मांडवाला ऐकू जावं.

पाहुणे वळून अप्पांकडं बघायला लागले. बोरखडी सोसायटीच्या सेक्रेटरींना खुलासा करायचा होता, की आजचा माझ्या हातचा नाही, माझा एवढा सरळ येत नाही. पण जगदेवी त्यांच्याकडं बघत होती. तेवढ्यात आतून हळदीच्या अंगानं वत्सला आली, केस मोकळे, आणि अप्पांसमोर पाठ करून खाली बसली.

"मामा, मग माजाबी तुमीच घाला," ती म्हणाली.

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, आणि कुणीतरी दिलेले आकडे तोंडात धरले.